मोतीबिंदू नव्हताच

बनाबाईचा डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. सगळा कारभार उजव्यावर. सव्वाशे मेंढरांत कुठलं कोकरू कुठल्या आईचं, ते तिला नुसत्या तोंडावरून कळायचं.

दिवाळीपासून त्या उजव्यालाही अंधूक दिसायला लागलं. मोतीबिंदू असणार, असं औंधजवळच्या त्यांच्या वस्तीनं एकमतानं ठरवलं. तो पिकल्याबिगर काढायचा नसतो, हेही ठरवलं. झालं, अढीतला आंबा पिकावा तशी सगळी डोळा पिकायची वाट बघत बसली. संक्रांतीनंतर एका सकाळी डोळ्यापुढं तांबडं-काळं जाळं आलं, आणि कोकरं आयांना चुकायला लागली. मुलगा आकारामनं हाय खाल्ली. कळप विकायचा शब्द फलटणच्या एकाला देऊन टाकला. पाडव्याला गाडी येणार होती.

त्याची पोरगी सोनम नववीत. तिनं मोबाइलची बॅटरी आज्जीच्या डोळ्यावर धरली. बाहुली काळीभोर, पांढुरकेपणाचा मागमूस नाही.

"आप्पा, ह्यो मोतीबिंदू न्हाई."

"तू कवापासनं डाक्टर झालीस गं?"

"न्हाई झाले. म्हणून तर सांगलीला चला म्हणतीया."

सांगलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर संयोगिता मॅडमनी तपासून सांगितलं, की बीपी वाढून डोळ्याच्या पडद्यातली शीर तुंबलीय. आधी आला असतात तर इंजेक्शनवर भागलं असतं. आता नव्या नाजूक शिरा फुटून आत रक्त साचलंय. सोनमनं धिटाईनं विचारलं, ती शीरच मोकळी करता येत नाही का? मॅडम हसल्या. तसे प्रयत्न झालेत म्हणाल्या, पण गुण येईलच असं ठरलेलं नाही. रक्तानं गढूळ झालेला आतला गर काढायचा आणि लेसर मारून गळती थांबवायची, हा मार्ग बरा.

सोनमनं आज्जीला पाटाच्या भाषेत समजावलं. पाट गाळानं तुंबला, पाणी बांध फोडून रानात शिरलं. गाळ निघत नाही, पण रानातलं पाणी उपसता येतं, बांधही पक्का करता येतो.

आकारामचं मन घेईना. मॅडमनी खात्री दिली नव्हती. पडदा कितपत शाबूत आहे, ते रक्त निघाल्यावरच कळणार होतं. एकच डोळा, तोही गेला तर? निदान उजेड तरी दिसतोय, तेवढा राहू दे म्हणाला.

बनाबाईनं चाचपडत संमतीचा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "नुसता उजेड बघून काय करू? मला त्वांडं बघायची हाईत. कुठं अंगठा उठवू?"

ऑपरेशन तासाभरात झालं. मग महिनाभर थेंब, बीपीची गोळी, आणि गोळी चुकली की सोनमची बोलणी. पाडव्याच्या चार दिवस आधी तिघं पुन्हा सांगलीत. भिंतीवर तक्ता, त्यावर तीन दांड्यांची चिन्हं. दांड्या कुणीकडं, तेवढंच सांगायचं, म्हणाली तिथली मुलगी.

बनाबाईनं मान जराशी तिरकी केली. "ह्याचं त्वांड उजवीकडं. ह्यो खाली चरतोय. ह्यो मागं वळलाय."

एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. सोनम खुर्चीत बसायचं विसरून गेली. पाचवीला आकाराम उठून बाहेर गेला. व्हरांड्यातून फलटणच्या माणसाशी बोलताना त्याचा आवाज सगळ्या दवाखान्याला ऐकू आला. गाडी पाठवू नका, आमची मेंढरं आमालाच पायजेत.

आत ती मुलगी पुरे म्हणून तक्त्यावरचा दिवा बंद करायला निघाली होती.

"थांब की बाय," बनाबाई म्हणाली. "खालची बारकी ऱ्हायली. त्यास्नी का सोडतीस?"