हंगामाच्या ताटात देवमन

प्रणालीच्या आधी तिचा आवाज गावात पोचला होता.

बाळापूरहून आलेल्या काळीपिवळीतून ती फाट्यावर उतरली, पिशवी खांद्याला अडकवून पांदणीला लागली, आणि कपाशीच्या ओळींतून कोणीतरी गोष्ट सांगत असल्याचं तिला ऐकू आलं. कोणीतरी म्हणजे तीच. वेचणाऱ्या एका बाईनं ओटीतल्या कापसावर मोबाईल ठेवला होता आणि त्यातून विणकर बाईची गोष्ट चालली होती. गावानं टाकून दिलेल्या महारोग्याला आपल्या ओसरीत आणून ठेवणारी, त्याचे व्रण धुणारी विणकर बाई. कापूस वेचणाऱ्या हातांना खळ नव्हता, पण ओळीतली एकही बाई बोलत नव्हती. गोष्टीत बाई पाण्याचं घंगाळ उचलते तिथं एकीनं डोळ्याला पदर लावला, आणि प्रणाली बांधावर उभीच राहिली. हे वाक्य रेकॉर्ड करताना तिला भूक लागली होती, एवढंच तिला आठवत होतं.

अमरावतीला एका लहानशा ख्रिस्ती संस्थेत ती नोकरीला होती. स्वतःला विसरून दुसऱ्यासाठी जगलेल्या माणसांच्या गोष्टी संस्था पुस्तकात छापायची, आणि ज्यांना वाचायला सवड नाही किंवा अक्षर येत नाही त्यांच्यासाठी त्याच गोष्टी वऱ्हाडीत रेकॉर्ड करून मोबाईलवर पाठवायची. भिंतींना गोधड्या लावलेल्या एका खोलीत बसून प्रणाली वाचायची. कुठं श्वास घ्यायचा, कुठं आवाज ओला करायचा, हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं. हळूहळू ते हातातलं काम झालं. कुंभाराला गाडग्यातल्या पाण्याची चव थोडीच लागते!

घरी बाबा खिडकीपाशी पडून होते.

देवमनबाबांना सारा बाळापूर तालुका सायकलवरून ओळखायचा. मागं लोखंडी पेटी, पेटीत प्रभूची पुस्तकं, आणि तोंडात स्वतः जुळवलेल्या ओव्या. आठवडी बाजारात मिरचीवाली आणि बांगडीवाला यांच्या मधे पाल टाकून ते बसत आणि गळा मोकळा करत:

कणगीत जपला दाणा, सोंड्यायनं खाल्ला बाई,
मातीत मेला दाणा, त्याले आता मरण नाही.

लोक ओवी ऐकायला थांबत आणि पुस्तक घेऊन जात. आषाढात लकवा आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. अकोल्याच्या दवाखान्यातून आणल्यावर प्रणालीनं रजा काढली. रजा सरली तशी पगारावर एक बाई ठेवली. आता त्या बाईच्या लेकीचं बाळंतपण आलं होतं आणि उद्यापासून ती येणार नव्हती. म्हणून प्रणालीनं अमरावतीच्या एका वृद्धाश्रमात खाट ठरवली होती. जागा स्वच्छ, माणसं चांगली. सोमवारी सकाळी गाडी येणार होती.

बाबा नाही म्हणाले नव्हते. "तू म्हणशीन तसं," एवढंच म्हणाले होते. आणि मग बऱ्याच वेळानं, "तिथून रस्ता दिसते का वं?"

त्या प्रश्नानं तिची झोप नेली होती. हे गाव सोडलं तर हा माणूस जगेल खरा, पण कशासाठी जगेल? आणि नोकरी सोडून ती इथं बसली, तर दोघं खातील काय? दोन्ही बाजूंनी विहीर, मधे ती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, हंगामाचा सण होता. वर्षातून एकदा चर्चमधे सगळी घरं आपापल्या पिकाचा पहिला वाटा आणतात, वेदीपुढच्या मोठ्या पितळी ताटात ठेवतात, आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. या गावाची त्यात एक जुनी खोड होती. बोली जिंकणारा पुष्कळदा वस्तू घरी नेतच नसे. "परत देवाले!" म्हणून पुन्हा ताटात ठेवी आणि लिलाव नव्यानं सुरू होई. एकच कोंबडा पाच घरांचा होऊन शेवटी सहाव्याच्या खुराड्यात जाई. लिलावाची गंमत बघायला सारं गाव यायचं. हिंदू घरं यायची, बौद्ध घरं यायची, आणि हात वर करण्यात कोणी मागं राहत नसे.

बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून प्रणालीनं पुढच्या बाजूला आणलं. निरोपाचं दोन शब्दांत सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. लिलाव संपला की.

खुशालराव पंच हातात थाळी आणि लाकडी पळी घेऊन उभे होते. अंगानं वाळके, आवाजानं ढोल.

"हे कोहळं पाहा बाप्पा! साधनाबाईच्या घरचं. एवढं मोठं की जावई त्याच्यावर बसून सासरवाडीले येईन!"

"जावयाले कोहळंच पुरते, घोडा कायले पाह्यजे!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि साधनाबाईच्या जावयासकट सगळे हसले.

कोहळं गेलं, तुरीच्या शेंगा गेल्या, मोर्शीच्या सोयऱ्यांनी पाठवलेल्या संत्र्यांची टोपली दोनदा परत देवाला गेली. मग खुशालरावांनी पळी वाजवली. "देवमनचं घर!"

ज्या घराचं नाव पुकारतात त्यानं रिकाम्या हातानं उठायचं नाही, हा नियम शहरात राहून प्रणाली पार विसरली होती. बाबांना शेत नव्हतंच. दरवर्षी ते पेटीतलं एक नवं पुस्तक ताटात ठेवायचे. यंदा पेटी उघडायचंही कोणाला सुचलं नव्हतं. तिनं घाईनं पर्समधे हात घातला.

"काका, मी पैसे टाकते."

"पैसे पेटीत टाकतेत पोरी. ताटात पीक लागते," खुशालराव म्हणाले. रागानं नाही, पण हटले नाहीत.

तेवढ्यात खुर्चीतून जड, चिकट आवाज आला. "मले... ठेव."

"काय म्हणून राहिला गा देवमन?"

"यंदा वावरात... मीच उरलो." बाबांचं अर्धं तोंड हसत होतं. "मलेच ठेव ताटात."

चर्चमधे हशा पिकला. दाराशी उभे असलेले किसनराव, शेजारच्या वावराचे मालक, कपाळावरच्या बुक्क्याभोवतीचा घाम पुसत ओरडले, "बुढ्याले घेतलं तं सायकल फुकट भेटते का?"

"सायकल भेटते, पण सोबत ओव्या ऐका लागतीन!" खुशालरावांनीही रंगात येऊन खुर्ची ताटाजवळ ओढली. "बोला! जुनं बियाणं हाय, पण सच्चं. कोण घेते?"

हसणं चालू असतानाच गोदाबाई उठल्या. प्रणालीच्या वारलेल्या आईच्या मैत्रीण, ठेंगण्या, दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाणाऱ्या. त्या हसत नव्हत्या.

"सकाळची भाकर अन् चहा माहा," त्या म्हणाल्या. "रोज."

हसणं विरलं. खुशालरावांची पळी हवेतच राहिली.

"गोदे, मस्करी हाय बाई."

"माही नाही. माही बोली हाय."

प्रणाली पुढं झाली. "काकू, राहू द्या. बाबांची सोय केली आहे मी अमरावतीला. उद्या गाडी येणार आहे."

"तं मंग बरं झालं आजच लिलाव हाय." गोदाबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू न समजण्यासारखं ह्यात काही नव्हतंच. "तूच नाही का सांगत मोबाईलवर? त्या विणकर बाईचं. म्या आठ दिवस तेच ऐकून राहिली निंदताना. मनात म्हटलं, आपल्या गावात कोणी कोणाले टाकलं नाही म्हणून आपल्याले उचलाले भेटत नाही. आता भेटलं."

"काकू, ते पुस्तकातलं आहे."

"मंग? पुस्तकातलं खोटं रायते का वं?"

गोधड्यांच्या त्या खोलीत बसून प्रणालीनं ते शब्द हवेत सोडले होते, पाखरं सोडावीत तसे. ती कुठं उतरली, काय पोटात घेऊन उतरली, कोणाच्या ओंजळीत रुजली, तिला काय माहीत होतं? आता तेच उगवून तिच्यासमोर उभं होतं, निंदणीनं हातांना घट्टे पडलेलं, चुरगळलेल्या लुगड्यातलं.

"गोदाबाईची बोली! एकवार..." खुशालरावांनी पुकारलं.

"थांबा!" दारातून किसनराव आत आले. चपला बाहेर काढून आले. "भाकर तिची. पण बुढ्याचं आंग कोण धुईन? बाईमाणसानं धुवाव का? आंग धुणं माहं. वावरात जायच्या आधी, रोज."

"तुमी? किसनभौ, तुमी तं आमच्या..." कोणीतरी बोलता बोलता थांबलं.

"तुमच्या चर्चचा नाही मी, मालूम हाय मले," किसनराव म्हणाले. "माही माय बिछान्यावर होती तवा हा बुढा रोज संध्याकाळी येऊन तिच्या पायथ्याशी ओव्या म्हणे. माय जायच्या दिवशीही म्हटल्या. तवा यानं इचारलं का, कोणत्या देवाची म्हणून?"

"एकवार, दोनवार..."

"घेतलं. अन् परत देवाले!" किसनराव गरजले.

त्या एका हाकेनं बांध फुटला. परत देवाले म्हणजे बोली पुन्हा मोकळी. बाळापूरच्या दवाखान्यात काम करणारा बौद्धवाड्यातला अश्विन म्हणाला, पाय चोळणं न् व्यायाम माझ्याकडे. परत देवाले. गोदाबाईंनी संध्याकाळचा वरणभातही मागितला तशा साधनाबाई त्यांच्याशी भांडल्या, "साऱ्या पुण्याचं गाठोडं तूच बांधशीन का वं?" म्हणाल्या, आणि गोदाबाईंना एक वेळ सोडावी लागली. परत देवाले. कोणी चाकाच्या खुर्चीसाठी दारातल्या दोन पायऱ्या फोडून उतार करून देतो म्हणालं. कोणी काही न देता नुसतं रात्री येऊन सोबतीला झोपायचं मागितलं. आणि मग एक अनपेक्षित गोष्ट झाली. सगळ्या हयातीत ज्यांनी लिलाव केला आणि कधी बोली लावली नाही, त्या खुशालरावांनी थाळी खाली ठेवली.

"मले वाचता येते," ते म्हणाले. "दुपारी एक पुस्तक वाचून दाखवीन याले. यानं जल्मभर आपल्यासाठी वागवलीत." त्यांनी खुर्चीच्या मुठीवर हात ठेवला. "परत देवाले."

बाबा रडत नव्हते. त्यांचा डावा हात मांडीवर ताल धरत होता, जणू सभेला सुरुवात होण्याआधी टाळ शोधत होता.

प्रणाली बाबांजवळ सरकली. आपण ज्याला ओझं म्हणून गाडीत घालायला निघालो होतो, तो माणूस इथं हातोहात वाटला जात होता, भाकरीसारखा, आणि वाटून वाटून पुरून उरत होता. तिनं हात वर केला.

"घरच्यानं दिलेलं घरच्यानं घ्यायचं नाही," खुशालराव डोळे पुसत नियमाला धरून म्हणाले.

"तिनं कुठं दिलं? बुढ्यानं सोता दिलं!" गोदाबाई कडाडल्या. "बोलू दे पोरीले!"

आणि आवाजावर पोट भरणाऱ्या प्रणालीचा आवाजच निघेना. श्वास कुठं घ्यायचा ते तिला कळेना. शेवटी फाटक्या, कच्च्या आवाजात, जो कुठल्याच रेकॉर्डिंगमधे ठेवला नसता, ती म्हणाली, "शनिवारची संध्याकाळ ते सोमवारची पयली गाडी. त्या दोन रात्रीही माझ्याच. दर हप्त्याले."

"एकवार. दोनवार." खुशालरावांनी थाळी उचलली. सगळं चर्च वाट बघत होतं. "परत देवाले का बाई?"

तिनं बाबांकडं पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "हे मी घरी नेते."

"तीनवार!" पळी थाळीवर पडली तशी चर्चच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

बाहेर लिंबाखाली येऊन तिनं अमरावतीला फोन लावला. वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक भले गृहस्थ होते, त्यांनी विचारलं, "ताई, उद्या गाडी किती वाजता पाठवू?"

"पाठवू नका, साहेब. ती खाट दुसऱ्या कोणाला द्या. एखाद्याला खरंच कोणी नसेल, त्याला."

"का हो? वडिलांना काही झालं का?"

प्रणाली हसायला लागली, आणि हसता हसता गालांवरून पाणी वाहू लागलं. आत दारापाशी किसनराव आणि गोदाबाई एकाच खुर्चीच्या दोन मुठी धरून, उद्या आधी आंघोळ की आधी चहा, यावर गाव गोळा करून भांडत होते, आणि मधे बसलेला तिचा बाप राजासारखा दोघांकडं आळीपाळीनं बघत होता.

"लिलाव झाला त्यांचा," ती म्हणाली. "आता ते माझ्या एकटीचे राहिले नाहीत."