बेबी ऑफ दीपाली

मुक्ताईला मांडीवर घेऊन नाचणीची पेज भरवत होते आणि समोर लॅपटॉपवर गेल्या आठवड्याची मोजणी उघडी होती. आत आलेले रिपोर्ट ४१२. बाहेर गेलेले ४११.

मी धायरीतून, घरूनच काम करते. एका लॅबमधून नवजात बाळांच्या रक्ताचे रिपोर्ट उचलायचे, नीट करायचे आणि हॉस्पिटलांना पाठवायचे, अशी आमची पाइपलाइन. ती नव्याने लिहिलेली नाही. घरपोच किराणा देणाऱ्या कंपनीसाठी मीच केलेला साचा इथे बसवला. लोक बटण दोनदा दाबतात, ऑर्डर दोनदा येते. म्हणून नाव, फोन आणि तारीख सारखी असेल तर शेवटची नोंद ठेवायची, आधीची टाकून द्यायची.

टाकलेली नोंद शोधली. बेबी ऑफ दीपाली, विश्रांतवाडी. ठेवलेली नोंदही बेबी ऑफ दीपाली. फोन तोच, जन्मतारीख तीच. नमुन्याचे नंबर मात्र वेगळे.

जुळी.

बारशापर्यंत बाळाला नाव कुठे असतं? माझ्या मुक्ताईच्या मनगटावरच्या हॉस्पिटलच्या पट्टीवरही बेबी ऑफ भाग्यश्रीच होतं. मला माहीत होतं हे.

ठेवलेला रिपोर्ट नॉर्मल. टाकलेल्यात थायरॉइडचा आकडा लाल. बाळ बारा दिवसांचं. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले नाहीत तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, असं वाचलं.

आमच्या टीम लीडला, प्रज्ञेशला फोन लावून एक रिपोर्ट गळाल्याचं सांगितलं.

"चारशे बारात एक? पेढे वाट."

"प्रज्ञेश, ते बाळ आहे."

तो मग म्हणाला, "लॅबला मेल टाक. आपण पेशंटला फोन करत नाही, करारात आहे."

"लॅब उद्या उत्तर देईल."

"मग मला काही विचारू नकोस. कर फोन."

नोंदीतला नंबर लावला. पलीकडे भांड्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज. "क्रेडिट कार्डबिर्ड नकोय आम्हाला!" म्हातारा, करडा आवाज.

"आजी, बाळांच्या रक्ततपासणीबद्दल बोलतेय."

"ते आलं की! दोघींचं नॉर्मल आहे."

"एकीचंच आलंय. दुसरीचं ठीक नाही. कुठली ते मला कळत नाही, दोघींना आत्ता हॉस्पिटलात न्या."

"अहो, आज बारसं आहे. माणसं जेवायला बसलीत."

"आजी, एखादी फार झोपते का? दूध ओढत नाही?"

मग अगदी हळू, "धाकटी. रडतच नाही. आम्ही म्हणतो, किती गुणाची."

फोन कुणीतरी ओढून घेतला. "मी दीपाली. किती दिवस उशीर झाला?"

"सहा."

"कुणामुळे?"

"माझ्यामुळे."

ती मला शिव्या देईल असं वाटलं. पण ती कुणालातरी ओरडून म्हणाली, "पाळणा राहू दे, रिक्षा बोलव!" मग मला म्हणाली, "तिथे काय सांगायचं? सावकाश बोला, लिहून घेतेय."

मी नमुन्याचा नंबर एकेक आकडा करून सांगितला. तिने परत म्हणून दाखवला. शेवटचे दोन आकडे उलटे.

"नाही, नाही!" मी किंचाळलेच. मुक्ताई दचकून रडायला लागली. तिला छातीशी धरून मी पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली.