धनेशभाऊंचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो, आणि पहिल्यापासूनच जरा गोंधळलेला आहे. दोष माझा नाही. मला नुसतं तोंड दिलंय, डोकं दिलेलं नाही. माईकमधून जे आत येतं ते मी दसपट मोठं करून बाहेर टाकतो. ते कालच्या बोलण्याशी जुळतं की नाही, हे बघायची सोय माझ्यात नाही.

पेणच्या प्रदीप मंडपवाल्याने मला नवाकोरा आणला. तेव्हा मी चकचकीत होतो, आता पोचे पडलेत. रिक्षाच्या टपावर सुतळीने बांधून मला फिरवायचे. उद्या पाणी येणार नाही, अमक्याची गाय हरवली, शाडूच्या मूर्ती घ्यायला चला, असली माझी कामं. माईक धरायचा धनेश. वय एकोणीस, पण आवाज असा खणखणीत की वडखळच्या नाक्यावरची माणसं वळून बघायची. त्याचे वडील शिवप्पा पोट भरायला विजापूरकडून पेणला आलेले. ते गणपतीच्या कारखान्यात माती मळायचे आणि आई काशीबाई मूर्तींना रंग द्यायच्या. पेणची पोरं 'नाय', 'हाय' म्हणायची आणि हा कानडी घरातला पोरगा 'नाही', 'आहे' असं पुस्तकासारखं बोलायचा. इथला कोण आणि बाहेरचा कोण, हे मला तेव्हाच कळेनासं झालं होतं.

पुढे शिवप्पांना रोह्याकडे कंपनीत काम लागलं. कोलाडच्या वाटेवर एका गावात त्यांनी दोन खोल्या बांधल्या. निघताना प्रदीपने मला धनेशच्या हातात दिलं. म्हणाला, "घेऊन जा रे ह्याला. तुझ्याबिगर ह्याला कोन बोलता करनार हाय?"

या गावात धनेशचा धनेशभाऊ झाला. आधी मंडळाचा अध्यक्ष, मग सरपंच, मग पंचायत समितीचा सदस्य. त्यांचं म्हणणं एकच, जुनं ते सोनं, रीत मोडायची नाही. मिरवणुकीत डीजे नको, आरतीला बायकांच्या डोक्यावर पदर हवा. लोकांना ते पटायचं. सभा संपली की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, भोंगा असावा तर असा. मीही फुगायचो. मग हळूहळू एक नवं वाक्य येऊ लागलं, "बाहेरून आलेल्यांनी आधी इथली रीत शिकावी." पहिल्यांदा ते माझ्या तोंडून गेलं तेव्हा मी गर्दीत शोधत बसलो. बाहेरून आलेलं कोण बरं? पहिल्या रांगेत तर काशीबाई बसल्या होत्या, आणि लेकाच्या भाषणाला टाळ्या वाजवत होत्या.

यंदा चैत्रात तर माझी मतीच गुंग झाली. आमच्या ग्रामदेवतेची पालखी दारोदार जाते. दारात थांबली की घरची बाई भोयांच्या पायांवर पाणी घालते, देवीला ओवाळते, ओटी भरते. आता वस्ती वाढली, पालखीला परतायला दुसरा दिवस उजाडू लागला. म्हणून पालखी समितीचे प्रमुख धनेशभाऊ यांनी ठराव केला. गावच्या जुन्या वहीत ज्या घराण्यांची नावं आहेत, त्यांच्याच दारी पालखी थांबेल. बाकीच्यांनी चौकात रांग लावून दर्शन घ्यावं. वहीवरून यादी उतरवायचं काम मोरोपंत गुरुजींकडे गेलं. गुरुजी सरळमार्गी माणूस, वहीत होतं तेवढंच त्यांनी उतरवलं.

आपलं घर त्या वहीत नसणार, हे धनेशभाऊंच्या ध्यानीमनीही आलं नाही. वीस वर्षांत ते इतके गावचे झाले होते. आणि त्यांना तोंडावर सांगणार कोण? इकडे काशीबाई महिनाभर पालखीच्या तयारीला लागलेल्या. शिवप्पा जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर त्या दारात सणवार झाला नव्हता. आता देवी दारात थांबली की मगच घरात पहिलं गोडधोड करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पालखीच्या सकाळी धनेशभाऊ देवळापुढे यादी वाचू लागले. आळी आळी करत आपल्या आळीशी आले. शेजारच्या पद्मजाताईंचं घर वाचलं, आणि त्याच्या पुढचं नाव थेट पलीकडच्या आळीतलं निघालं. ते थांबले. कागद उलटून पाहिला. मी नुसता कुंई करत राहिलो.

"भाऊ, घाला ना तुमचं नाव. कोन इचारतंय?" त्यांचा कार्यकर्ता आदेश खालून म्हणाला.

धनेशभाऊंनी घाम पुसला आणि पुढचं नाव वाचलं.

पालखी पद्मजाताईंच्या दारी थांबली आणि काशीबाईंच्या रांगोळीवरून पुढे गेली. भोयांनी म्हणे माना खाली घातल्या होत्या.

दुपारी चौकात रांग लागली. वीटभट्टीवरच्या बाया होत्या, पाववाला होता. डोंगराखालच्या वाडीतली ठमीही होती. तिचं घराणं गावाच्याही आधीचं असं सगळे सांगतात, पण वहीत तिचंही नाव नाही. हे ऐकून तर मी हातच टेकले असते, हात असते तर. धनेशभाऊ माईकवरून रांग सरळ करत होते. तेवढ्यात काशीबाई ताम्हण घेऊन त्यांच्यासमोर आल्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी कुठं उभी राहू?"

माईक चालू होता. मी ते अख्ख्या गावाला ऐकवलं.

"हिकडं ये गो," ठमी म्हणाली, "माझ्या म्होरं उभी ऱ्हा."

धनेशभाऊंनी माईक टेबलावर ठेवला, बंद करायचं त्यांना सुचलं नाही. ते जाऊन आईच्या बाजूला उभे राहिले. रांग टेबलाला लागूनच होती. काशीबाईंनी मान न वळवता घरातल्या कानडीत विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवलास का. साहेब म्हणाले, "इल्ल, अव्वा," म्हणजे नाही, आई. तेही मी गावभर ऐकवलं. कोणी हसलं नाही.

तेव्हापासून धनेशभाऊंनी माईक धरलेला नाही. मी पंपाच्या खोलीत पडून आहे, माझ्यावर कोंबडी बसते. पडल्या पडल्या विचार करतो. आपलं नाव घुसडलं नाही म्हणून या माणसाला शाबासकी द्यावी, की आईला रांगेत उभं केलं म्हणून राग धरावा? वाईट मात्र मला फार वाटतं. ठराव माझ्याच तोंडून गेला होता.

मित्रांनो, मला पुसा, माझ्या वायरी उंदरांपासून जपा. पण मला कोणाच्या हाती देता, ते आधी नीट बघा. मला जे सांगाल ते मी मोठ्यानेच सांगणार, समोर सांगणाऱ्याची आई उभी असली तरी.