तळ्यावरचा रविवार

आमच्या ह्यांना कंपवात झाला त्याला दीड वर्ष होईल. डॉक्टर, मी आणि माझी धाकटी जाऊ सोडली तर कुणाला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेला माणूस, पण उजवा हात थरथरायला लागला तसं दुकान भाच्याच्या हवाली करून घरात बसला. कुणी विचारलं तर म्हणायचे, कंटाळा आला. हात कायम खिशात. कुणाकडे जायचं नाव काढायचे नाहीत, कारण तिथे चारचौघांत कप धरावा लागतो. मीही मूग गिळून गप्प होते, पण माणूस घरातल्या घरात वाळत चाललेला मला बघवत नव्हता.

धाकटी जाऊ महिन्यातून एका रविवारी गावाबाहेरच्या जुन्या इस्टेटीवर राबायला जाते. मोठा बंगला, मागे झाडी, मधोमध तळं. पैसाबिसा काही नाही, हौसेचा मामला. या खेपेला ह्यांना घेऊनच जायचं म्हणून मी हट्टाला पेटले. तिथे ओळखीचं कुणी नसतं, हे माझं एकच पालुपद. शेवटी माझी कटकट नको म्हणून हे निघाले, तेही नुसतं बसून राहण्याच्या अटीवर.

तळं जलपर्णीने गच्च भरलं होतं. तरणी मंडळी पाण्यात उतरून ती ओढून काढत होती. तिथल्या माळीणबाई अंगाने एवढ्याशा, आवाज मात्र फौजदाराचा. त्यांनी बजावलं की काढलेलं एकही रोप थेट ढिगावर टाकायचं नाही. मुळांच्या झुपक्यात गोगलगायी, बेडकांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या अडकलेल्या असतात. म्हणून रोप आधी पाण्याच्या टबावर धरून हलवायचं आणि जीव खाली पडले की टब पुन्हा तळ्यात ओतायचा.

मी पदर खोचला आणि चटई झटकावी तशी सुरुवात केली. माळीणबाई धावत आल्या. असं झटकलं तर पिल्लं चिरडतात म्हणाल्या, हलकं, बारीक, एकसारखं हलवा. ते मला काही केल्या जमेना. हात भरून आला की झटका बसायचाच. जावेचीही तीच गत.

हे काठावर बसून बघत होते. दुसऱ्याचं वेडंवाकडं काम ह्यांना आयुष्यात कधी बघवलेलं नाही. न राहवून उठले, माझ्याकडून रोप घेतलं आणि टबावर धरलं, उजव्या हाताने. हात रोज थरथरतो तसाच थरथरत होता. मुळं बारीक, एकसारखी हलत होती आणि अळ्या एकेक करून पाण्यात टपकत होत्या. धक्का लागलेली एकही नव्हती. ह्यांनी दुसरं रोप मागितलं.

तासाभराने माळीणबाईंनी सगळ्यांना हाका मारून बोलावलं, काम कसं करायचं ते बघा म्हणून. मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं. दहा-बारा माणसं टबाभोवती जमली आणि सगळ्यांची नजर त्या हातावर. एक मास्तर होते, ते कौतुकाने म्हणाले, "काका, आम्हालाही शिकवा की हे."

शिंप्याचा हात आहे, सवय आहे, असं काहीबाही मी ओठांवर आणलंच होतं. पण हे माझ्या आधी बोलले.

"शिकवण्यासारखं काही नाही. कंपवात आहे मला. हात आपोआप हलतो."

घरातसुद्धा आम्ही त्या दुखण्याला 'ते' म्हणायचो. ह्यांच्या तोंडून कंपवात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मास्तर गोरेमोरे झाले. बाकीचे इकडेतिकडे बघायला लागले.

माळीणबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. "अजून अर्धं तळं बाकी आहे, काका," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात याल ना?"

"येईन," हे म्हणाले. "तोपर्यंत आमच्या हिला हळू हात चालवायला शिकवतो."

सगळे हसले. मीही हसले आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, मला रडू फुटलं.