उपासाचे मासे

सुलक्षणाच्या दुसऱ्या तळ्यातल्या माशांना गावाने 'उपासाचे मासे' असं नाव ठेवलं होतं. पारावरून जाताना कुणी ना कुणी विचारायचंच, "काय वहिनी, आज भगर का साबुदाणा?" तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पहिल्या तळ्यात बाजारचं खाद्य पडायचं. त्यात समुद्रातली बारीक मासळी वाळवून, दळून घातलेली. एक मासा पोसायला ओंजळभर मासे उपसायचे, ही कुठली अक्कल? म्हणून दुसऱ्या तळ्यासाठी तिने अमळनेरच्या तेलगिरणीतून पेंड आणली, तीत सोयाबीन आणि डाळीची चुणी मळून गोळ्या पाडल्या. पहिल्या गोळ्या तळाला गेल्या, नंतरच्या पाण्यात विरघळल्या, त्यापुढच्यांना बुरशी आली. पण ती हटली नाही, शेवटी गोळ्या जमल्याच.

आज दोंडाईच्याच्या मत्स्यपालक गटाचे लीलाधरभाऊ वजन करायला आले होते. बिनमासळीच्या खाद्यावर मासे तेवढेच भरले, तर गटाची सगळी तळी तिच्या गोळ्या घेणार होती. कमी भरले, की विषय संपला.

जाळं ओढलं, काटा टांगला. दुसऱ्या तळ्यातले मासे पहिल्यापेक्षा भारी भरले! लीलाधरभाऊंनी काटा झटकून पुन्हा तोललं. तेच.

"मानलं वहिनी. गटात मीच सांगतो आता."

सुलक्षणाचे डोळे भरून आले. तेवढ्यात सासूबाई, कमलबाई, चहा घेऊन आल्या. माशांकडे त्यांनी नातवंडांकडे बघावं तसं बघितलं.

"भरतीनच ना. मी सुकट टाकस ना रोज."

"काय टाकता?" सुलक्षणाला वाटलं, आपण भलतंच ऐकलं.

"सुकट! सरावन लागना, घरमा सुकट कशी ठेवू? फेकी देवानं जीववर वनं. तळामा टाकी दिधी. माशेस्ले कोठे सरावन शे? आनि कशा उड्या मारीसन खातस! मंग दर बाजारले आनी. त्या दुसरास्ले चांगलं खावाले भेटस, यास्ले नुसती पेंड. पेंडवर कोनं पोट भरस का?"

सुकट म्हणजे समुद्राची वाळवलेली मासळीच! सुलक्षणाची शहरी मराठी कुठल्या कुठे पळाली. "आत्या, हाई काय करं तुम्ही! बठ्ठं वाया गयं!"

"वाया कसं? भारी भरनात ना!"

आता या बाईला काय सांगावं? भारी भरले हेच तर दुखणं होतं. सुलक्षणाने लीलाधरभाऊंकडे आशेने पाहिलं. "भाऊ, पुढच्या हंगामात पुन्हा करू. मी स्वतः राखण करते."

पण भाऊंना त्यांचं उत्तर मिळालं होतं. "कशाला वहिनी? अक्कांनी दाखवलं ना. सुकटीशिवाय मासा भरत नाही." मग कमलबाईंकडे वळून त्यांनी अदबीने विचारलं, "अक्का, किती मुठी टाकता?"

सुलक्षणाला काटा उचलून तळ्यात भिरकावावासा वाटला. समुद्राची मासळी वाचवायला निघालेली ती, आणि तिच्याच बांधावरून दोंडाईच्याची सगळी तळी सुकटीला लागणार होती. भाऊ चहा पिऊन, आभार मानून फटफटीवर बसले आणि गेले.

वजनासाठी मासे कालपासून खरंच उपाशी होते. सुलक्षणाने गोळ्यांची बादली सासूपुढे आदळली. "घ्या. आता तुम्हीच टाका. फक्त हेच. मला नाही बघवत."

कमलबाईंनी नाइलाजाने मूठभर गोळ्या फेकल्या. पाणी फाटलं. मासे एकमेकांवर उड्या मारत तुटून पडले, दुसरी मूठ पडेपर्यंत पहिलीचा दाणाही उरला नाही. कमलबाई बघतच राहिल्या. सून गोळ्या टाकायची तेव्हा त्या कधी बांधावर थांबल्याच नव्हत्या.

"वं माय! या तं पेंडबी तशीच खातस!"

सुलक्षणा रस्त्यापर्यंत पळत गेली, हाका मारल्या. फटफटी केव्हाच दिसेनाशी झाली होती.

"आत्या," ती तिथूनच ओरडली, "हाई आते सांगतस तुम्ही?"