अर्ध्या किलोचं खोटं

मी काटा बोलतोय. वाण्याचा नव्हे हो, लेकरांचा! जावा बेटावरच्या एका थंड डोंगरगावात, बटाट्याच्या शेतांमध्ये माझी सगळी हयात गेली. महिन्यातून एक मंगळवार माझा. गावप्रमुखाच्या पडवीत तुळईला मला टांगायचे. माझ्या लोखंडी दांडीच्या एका टोकाला कापडी झोळी, दुसऱ्या टोकाला झोळीच्या वजनाशी तोल साधणारी वाळूची पुरचुंडी. झोळीत लेकरू घातलं, दांडीवरचं वजन सरकवून दांडी सरळ केली, की झालं माझं काम.

पहिल्या वर्षी गावातले बाप्ये हसायचे. "पोरं ठणठणीत आहेत की! मोजायचंय काय त्यात?"

रेत्नो नर्सबाई उत्तर द्यायच्या, "आजारी पडल्यावर सगळेच येतात हो दादा. मला त्याच्या आधी भेट हवीय."

वजन करायची ती तुमिनाह मावशी. गावातलीच, मनानं सोनं, पण आवाज म्हणजे भोंगा. आकडा दिसला रे दिसला, की पलीकडच्या टेबलावर लेकरांच्या वाढीचं कार्ड लिहिणाऱ्या बाईला ओरडून सांगायची. मग मुगाची खीर, आणि खिरीबरोबर बायकांच्या गप्पा. कुणाचं बाळ भरलं, कुणाचं वाळलं, सगळ्या गावाला तिथंच कळायचं.

एका मंगळवारी वारसिनीची सेकर झोळीत बसली. तेरा महिन्यांची पोर, पिसासारखी हलकी.

"साडेसहा!" मावशी ओरडली. कार्डावरचा ठिपका धोक्याच्या लाल रेघेच्या खाली गेला. मागून कुणीतरी म्हणालंच, "घरात बटाट्यांच्या राशी, आणि पोरीची काडी झालीय बघा!"

वारसिनीनं मान खाली घातली. खीर न घेताच ती निघून गेली. मला फार वाईट वाटलं. आकडा माझा होता ना!

पुढच्या महिन्यात ती सगळ्यांच्या आधी हजर. स्वतःच्या जाड बाटिक कापडात सेकरला गुंडाळून आणलेली. "मावशी, तुमच्या झोळीत रडते हो ही. ह्याच कापडात टांगा ना."

मावशीला दया आली. तिनं तसंच्या तसं गाठोडं माझ्या हुकाला अडकवलं. खरं तर नवं कापड आलं की आधी ते रिकामं टांगून तोल साधायचा, हा नियम. मावशी मायेच्या भरात तो विसरली.

"सहा नऊशे!" मावशीचा आनंद गगनात मावेना. "चारशे ग्रॅम वाढली गं!"

मी काय करणार? जेवढं टांगाल तेवढं मी सांगतो. त्या गाठोड्यात काहीतरी गारेगार, टणक आहे, हे मला जाणवत होतं. पण काट्याला कुठून आली जीभ?

नर्सबाईंनी मात्र कार्डाआधी पोरीकडे बघितलं. सेकरच्या दंडाभोवती दोन बोटं फिरवली आणि त्या थबकल्या. "वजन वाढलं आणि दंड बारीक झाला? मावशी, पुन्हा मोजा. आपल्या झोळीत."

"राहू द्या ना बाई, झोपेला आलीय ती," म्हणत वारसिनीनं कापड ओढलं. गाठ सुटली आणि सांबलची तिखट चटणी वाटायचा दगडी बत्ता धप्पकन फरशीवर पडला.

बायका वाकून बघू लागल्या. मग हशा पिकला. "अगं बया! पोरीला चटणीबरोबर मोजतेस होय?"

"पुरे!" नर्सबाईंचा आवाज चढला. "आपल्या तोंडांना भिऊन तिनं हे केलंय. आता हसताय कसल्या?"

वारसिनीला रडू फुटलं. "लोकांना वाटतं मी लेकराला उपाशी ठेवते. चार-चार वेळा भरवते हो मी! अंगीच लागत नाही तिच्या."

नर्सबाईंनी सेकरला झोळीत ठेवलं. सहा चारशे. गेल्या महिन्यापेक्षाही कमी. त्या वारसिनीजवळ बसल्या. "घरात खोकतं का गं कुणी?"

"नाही. म्हणजे, सासरे खोकतात. पण त्यांच्या अंगात गार वारं शिरलंय. ते निघावं म्हणून मी रोज तेल लावून नाण्यानं पाठ घासून देते."

"कधीपासून?"

"बटाटे लावले तेव्हापासून."

"आणि सेकर कुणाजवळ असते?"

"त्यांच्याच मांडीवर. आजोबांशिवाय पान हलत नाही तिचं."

बटाटे तर काढूनही झाले होते, म्हणजे खोकला तीन महिन्यांहून जुना. नर्सबाई त्याच दुपारी त्यांच्या घरी गेल्या. पुढचं मी रांगेतल्या बायकांकडून ऐकलं. म्हातारे कार्तो आजोबा अडून बसले होते. "आमच्याकडे वाऱ्यावर नाणंच चालतं, बाई!"

"चालू द्या की. फक्त सोबत या डबीत थुंकी द्या, आजोबा. तुमच्यासाठी नको, नातीसाठी द्या."

नातीचं नाव काढल्यावर म्हातारा वितळला. तपासणीत क्षय निघाला. सेकरच्या छातीतही त्यानं नुकताच शिरकाव केला होता. आणखी दोन महिने तो बत्ता मला फसवत राहिला असता तर? दोघांना औषधं सुरू झाली, घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी झाली. पहिले काही आठवडे आजोबा तोंडाला फडकं बांधून अंगणाच्या टोकाला बसायचे आणि सेकर उंबऱ्यावरून हात पसरून रडायची. म्हातारा म्हणे गोळी घेताना एक दिवस चुकला नाही, आणि बरा झाला.

तुमिनाह मावशीनं तेव्हापासून आकडा चिठ्ठीवर लिहून मुकाट्यानं पुढं द्यायला सुरुवात केली. खिरीची वाटी घेऊन ती स्वतः वारसिनीकडे गेली. "माझ्या जिभेला हाड नाही गं, माफ कर." दोघी एकाच वाटीतून खात बसल्या. सेकर हळूहळू भरत गेली. कधी शंभर, कधी दोनशे ग्रॅम. मी एकेक ग्रॅम चवीनं मोजला.

आता मी कपाटामागे असतो. जमिनीवर ठेवायचं, बॅटरीवर चालणारं नवं यंत्र आलंय. माझ्या दांडीवरचे आकडे पुसट झालेत. माझी तक्रार नाही. लेकरं मोजली जातायत, बस्स.

परवा मात्र त्या यंत्राची बॅटरी संपली आणि मला बाहेर काढलं. झोळीत कोण आलं असेल? सेकरचा धाकटा भाऊ, दामार! तिच्या औषधानंतर दोन वर्षांनी जन्मलेला. सव्वा वर्षाचा गोळा नुसता, साडेदहा किलो! त्यानं माझ्या दांडीला लाथ मारली, झोळी ओली केली आणि खदखदून हसला.

बायांनो, बापांनो, माझं एवढंच मागणं आहे. लेकरू हसतंखेळतं असतानाच मोजायला आणा. आणि आकडा कमी आला तर आईला बोल लावू नका. नाहीतर ती पुढच्या वेळी आकडाच लपवेल.

दामारला यातलं काही ठाऊक नाही. तो त्या घरात जन्मला, आजोबांच्या मांडीवर वाढला आणि त्याला काहीही झालं नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही त्याच्या बाबतीत. पण मला विचाराल, तर माझ्या जन्माची कमाई तीच.