मोठ्या माशाचं डोकं

तळ्यावर नवा फलक लागला. मी म्हटलं, लागू दे, फलक लावणाऱ्यांचं काय जातं! आधी 'पोहू नये', मग 'कचरा टाकू नये', आता 'गरोदर स्त्रियांनी व मुलांनी येथील मासे खाऊ नयेत'. ही शेवटची ओळ वाचली आणि गळ हातातच राहिला. माझ्या लेकीला सहावा महिना आहे.

बायको गेल्यापासून लेक दर रविवारी येते, माझ्या हातचा मासा खायला. एरवी आमचं पटत नाही. ती मला हट्टी म्हणते. मी म्हणतो, तू कुणावर गेलीस मग? पण ताटात मासा असला की दोघांची तोंडं बंद. तेवढीच माझ्या घरात माणसाची जाग.

माशांचे नमुने घेणारी मुलगी काठावर पिशव्या बांधत होती. तिला गाठलं. "लहान मासे मी सोडून देतो हो. मोठा, जुना, तोच लेकीला. डोक्यासकट."

"अहो काका, नेमकं उलटं केलंत," ती म्हणाली. "लहान माशांना मोठा खातो, त्यांच्यातला पारा याच्या अंगात साचतो. जितका जुना, तितका जास्त."

घरी येऊन फोन उचलला, ठेवला. नाही सांगितलं तर रविवारी येईल तरी, असंही मनात आलं. शी! स्वतःचीच लाज वाटली. लावला फोन.

सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रक्त तपासून घेते. आणि बाबा, रविवारी...?"

"बघ तुझ्या सोयीनं," मी म्हणालो. जळली मेली माझी जीभ! 'ये' म्हणायला काय झालं होतं?

शुक्रवारी तिचा फोन आला. रक्तात पारा जवळजवळ नाहीच, डॉक्टरही चक्रावले. मी भिंतीला टेकून खाली बसलो. आनंदानं रडलोसुद्धा. रविवारचं मात्र कुणीच काढलं नाही.

रविवारी ती आली नाही. दार उघडंच ठेवलं होतं, त्यातून शेजारचं मांजर आत आलं. या चोराला मी आजवर एक काटा दिलेला नाही. ते थेट लेकीच्या खुर्चीखाली गेलं, ती बसायची त्या बाजूला तोंड वर करून बसलं आणि ओरडायला लागलं. हक्कानं.

मी बघतच राहिलो. वाढायला म्हणून मी स्वयंपाकघरात वळायचो आणि परत येईतो तिचं ताट चाटूनपुसून स्वच्छ. केवढा खूश व्हायचो मी! पोरीला माशाचा वाससुद्धा सोसत नसणार इतके महिने. तरी येत होती, तासभर माझ्यासमोर बसत होती.

फोन लावला.

"काय शिजवलंय बाबा?" तिनं सावधपणे विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "नुसती ये."